आधी रोजमेळ, मग ध्येय

समाधानकारक आयुष्याच्या नियोजनावर जे मार्गदर्शन उपलब्ध आहे, त्यातील बरेचसे ध्येयनिश्चितीपासून सुरू होते. येत्या पाच किंवा दहा वर्षांत काय मिळवायचे हे आधी ठरवावे, ते कागदावर उतरवावे, त्याचे टप्पे पाडावेत आणि त्या टप्प्यांनुसार स्वतःला घडवत न्यावे, असा त्याचा क्रम असतो. या क्रमात एक मूलभूत अडचण आहे. ज्या व्यक्तीसाठी ध्येय ठरवायचे तिला स्वतःची पुरेशी ओळख आहे असे त्यात गृहीत धरलेले असते; प्रत्यक्षात ती ओळख बहुधा अपुरी, पुष्कळदा चुकीची आणि बऱ्याच अंशी ऐकीव असते. ‘हा गणितात कच्चा’, ‘हिला माणसांची भारी आवड’ असे लहानपणी कोणीतरी म्हटलेले असते, आणि माणूस चाळिशीपर्यंत त्याच वाक्याच्या आधारे निर्णय घेत राहतो. म्हणून आधी स्वतःविषयीची विश्वसनीय माहिती जमवावी, तिच्यावरून ध्येये ठरवावीत आणि ती वेळोवेळी बदलण्याची मुभा स्वतःला द्यावी, हा उलट क्रम येथे सुचवला आहे.

ध्येये लिहून ठेवण्याच्या समर्थनार्थ अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या १९५३च्या पदवीधर वर्गाचा दाखला व्याख्यानांतून नेहमी दिला जातो. ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची वीस वर्षांनंतरची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून अधिक भरली, असे सांगितले जाते. शोध घेणाऱ्यांना अशा अभ्यासाचा कोठेही पुरावा मिळाला नाही, आणि ही गोष्ट उघड होऊनही बरीच वर्षे लोटली. व्याख्याने मात्र चालूच आहेत. लेखी ध्येयाचा उपयोग होतो हे खरे आहे, परंतु त्याची कारणे वेगळी आहेत आणि ती पुढे येतील.

आत्मज्ञानाचा प्रचलित मार्ग अंतर्निरीक्षणाचा आहे, म्हणजे शांत बसून स्वतःच्या मनात डोकावणे आणि आपल्या आवडीनिवडींची व वागण्याची कारणे तेथे शोधणे. या मार्गाची मर्यादा रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात स्पष्टपणे दिसते. दुकानातील मेजावर पायमोज्यांचे चार जोड मांडून त्यांनी लोकांना त्यातील सर्वांत चांगला निवडायला सांगितले. चारही जोड हुबेहूब सारखे होते, तरी सर्वांत उजवीकडच्या जोडाला सर्वांत डावीकडच्या जोडाच्या जवळजवळ चौपट पसंती मिळाली. निवडीचे कारण विचारल्यावर लोकांनी विणीची आणि पोताची कारणे दिली, मांडणीतील जागेचा उल्लेख मात्र कोणीही आपणहून केला नाही. त्यांच्यापैकी कोणी खोटे बोलत नव्हते. वागण्याचे खरे कारण माहीत नसताना पटण्याजोगे कारण तयार करून तेच खरे मानण्याची मनाची जी सवय आहे, तिचा हा परिणाम होता. मोज्यांच्या निवडीत जर असे होत असेल, तर व्यवसाय, विवाह किंवा वास्तव्याचे ठिकाण यांविषयी ‘मला हेच हवे आहे’ या वाक्यावर किती विसंबायचे, याचा विचार करायला हवा.

यावर उपाय म्हणजे मनाला विचारण्यापूर्वी नोंदीला विचारणे. धंद्याविषयी व्यापाऱ्याला काय वाटते याला त्याच्या रोजमेळात जागा नसते. त्या दिवशीची जमा आणि त्या दिवशीचा खर्च एवढेच तेथे लिहिले जाते, आणि वर्षअखेरीस धंदा कसा चालला आहे हे त्या वहीवरून ठरते. आयुष्याच्या नियोजनाची सुरुवातही अशाच वहीने करावी. सलग तीन आठवडे, रोज रात्री दहा-पंधरा मिनिटे काढून, सकाळपासून केलेली कामे क्रमाने लिहावीत. प्रत्येक कामापुढे त्याला लागलेला वेळ, ते कोणाबरोबर किंवा कोणाच्या सांगण्यावरून केले ते, आणि काम चालू असताना मनाची स्थिती कशी होती ते एकदोन शब्दांत नोंदवावे. नोबेल पारितोषिकाने सन्मानित मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली ‘दिवस-पुनर्रचना पद्धत’ याच धर्तीची आहे. तिच्यात व्यक्ती आदल्या दिवसाचे प्रसंगवार तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातील भावस्थितीची नोंद करते, त्यामुळे ‘एकंदरीत बरे चालले आहे’ अशा मोघम उत्तरामागे दडलेले तपशील वर येतात.

ही वही लिहिताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. गणेशोत्सव, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा किंवा मार्चअखेरीची धावपळ असलेले आठवडे निवडू नयेत, कारण त्यांवरून नेहमीच्या आयुष्याचा अंदाज येत नाही. वही दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही हे आधीच ठरवावे. अन्यथा लिहिणारा नकळत दाखवण्याजोगे दिवस लिहू लागतो. नोंद करतानाच सुधारणा सुरू करण्याचा मोहही टाळावा. मोबाइलवर रोज तीन तास जात असतील तर तीन तासच लिहावेत आणि त्या तीन आठवड्यांत ते कमी करण्याचा निर्धार करू नये, कारण येथे हेतू वर्तन पाहण्याचा आहे, बदलण्याचा नाही. वेळेच्या जोडीला गेल्या सहा महिन्यांचे बँकेचे पासबुक आणि यूपीआयच्या नोंदी घेऊन बसावे. जी व्यक्ती स्वतःला वाचनप्रिय समजते तिने सहा महिन्यांत एकही पुस्तक विकत घेतलेले नसेल आणि ग्रंथालयाची वर्गणीही भरलेली नसेल, तर वाचनप्रेम ही तिची आठवण आहे, सध्याचे वास्तव नाही. आणि जिच्या खर्चात दर महिन्याला बियाणे, कुंड्या किंवा खत दिसते, तिने आपल्याला काही छंद नाही असे म्हणण्याचे कारण नाही.

तीन आठवड्यांनंतर वही वाचताना दोन प्रकारच्या नोंदींवर लक्ष केंद्रित करावे. कोणी न सांगता, मोबदला किंवा शाबासकी नसताना जी कामे पुनःपुन्हा हातून झाली ती पहिल्या प्रकारची. जी कामे महत्त्वाची म्हणून रोज मनात आली आणि रोज पुढे ढकलली गेली ती दुसऱ्या प्रकारची. पहिल्या प्रकारातून व्यक्तीचा पिंड कळतो. दुसऱ्या प्रकारातून एकतर भीती कळते किंवा ते काम मुळात दुसऱ्याच कोणाचे आहे हे कळते. यांतील फरक ओळखण्याची सोपी खूण अशी की काम रद्द झाल्याचे समजल्यावर जर हळहळ वाटत असेल तर आड येणारी गोष्ट बहुधा भीती असते, आणि सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटत असेल तर ते काम आपले नाही असे समजण्यास हरकत नाही.

या टप्प्यावर एका गोष्टीची दखल घ्यायला हवी, जिच्याविषयी व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके सहसा मौन पाळतात. मोकळा वेळ ही व्यक्तीची खासगी मालमत्ता आहे आणि तिने तो हवा तसा वापरावा, असे ही पुस्तके धरून चालतात. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या महिलांचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. पाच तास आणि दीड तास यांतील हा फरक कोणत्याही पहाटे उठण्याच्या सल्ल्याने भरून निघणारा नाही. घरातील एका व्यक्तीच्या वहीत स्वतःसाठीचा वेळच दिसत नसेल, तर तिला ध्येये लिहायला सांगण्यापूर्वी घरातील सर्वांनी आपापल्या वह्यांतील वेळेचे आकडे एकत्र मांडावेत आणि कामांची वाटणी नव्याने करावी. मनाच्या नोंदी अर्थातच ज्याच्या त्याच्याकडे राहाव्यात. कुटुंबात राहणाऱ्या माणसाचे आयुष्याचे नियोजन हे काही अंशी कुटुंबाचेच नियोजन असते.

वहीला जोड द्यावी ती इतरांच्या निरीक्षणाची. व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासक सिमिन वझीरे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की चिंता, अस्वस्थता यांसारख्या आतल्या गोष्टी व्यक्तीला स्वतःला अधिक चांगल्या कळतात, परंतु बुद्धिमत्ता, सर्जनशीलता अशा ज्या गुणांशी अहंकार निगडित असतो त्यांच्याबाबत मित्रांचे मूल्यमापन अधिक अचूक ठरते. म्हणून सहकारी, जुना मित्र आणि घरातील एक माणूस अशा तिघांना एकच नेमका प्रश्न विचारावा: ‘कोणत्या कामासाठी तुम्ही आधी माझी आठवण काढाल आणि कोणत्या कामासाठी कधीच काढणार नाही?’ उत्तर ऐकताना खुलासा करू नये. तिघांच्या उत्तरांत जे समान असेल ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे.

एवढी तयारी झाल्यावर ध्येयाकडे वळता येते, आणि येथे मूल्य व ध्येय यांत भेद करणे उपयुक्त ठरते. मूल्य म्हणजे ज्या दिशेने सतत जावेसे वाटते ती दिशा, आणि ध्येय म्हणजे त्या दिशेवरील गाठता येण्याजोगे ठिकाण. मुलांना शिकवीत राहणे हे मूल्य असू शकते, शिक्षणशास्त्राची पदवी घेणे हे ध्येय. ध्येय खरोखर आपले आहे की उसने, हे तपासण्यासाठी एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या ‘स्वयंनिर्णय सिद्धांता’ची मदत होते. या सिद्धांतानुसार माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा असतात: आपले वागणे आपल्या संमतीने व्हावे ही स्वायत्ततेची, काही जमते असा अनुभव यावा ही सक्षमतेची आणि कोणाशी तरी आपलेपणाचे नाते असावे ही संबंधाची. केनन शेल्डन आणि अँड्र्यू एलियट यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की स्वतःच्या आवडीशी आणि श्रद्धांशी जुळणाऱ्या ध्येयांसाठी माणसे अधिक काळ कष्ट घेतात आणि ती साध्य झाल्यावर त्यांना मिळणारे समाधानही अधिक असते. अपराधीपणापोटी किंवा दुसऱ्याच्या आग्रहापोटी घेतलेले ध्येय गाठले तरी हात रिकामेच राहण्याची शक्यता बरीच असते. आई-वडिलांची इच्छा म्हणून निवडलेले प्रत्येक ध्येय उसनेच असते असा मात्र याचा अर्थ नाही. त्या इच्छेचा विचार करून ती मनापासून स्वीकारली असेल तर ते ध्येय आपलेच होते.

मूल्य स्थिर आणि ध्येये बदलती, अशा आयुष्याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रात महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे आहे. १८९१ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले; त्या वर्षी कोणी त्यांच्याकडून पुढील पंचवीस वर्षांची ध्येये लिहून घेतली असती, तर त्यात महिला विद्यापीठ आले असते असे मानण्यास कोणताही आधार नाही. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, त्या विवाहामुळे आलेल्या सामाजिक बहिष्काराने प्रश्नाची खोली त्यांच्या ध्यानात आली, आणि पुनर्विवाहाचा प्रचार करण्यापेक्षा विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करणे अधिक फलदायी ठरेल या विचाराने १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. या आश्रमाच्या कामातून १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. प्राध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपत्रिका वाचनात आली आणि १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचे मंडळ त्यांनी १९३६ मध्ये काढले आणि समता संघ १९४४ मध्ये. प्रत्येक ध्येय आधीच्या कामातून निघाले, कारण आधीचे काम करतानाच पुढची गरज दिसत गेली. तितकेच महत्त्वाचे हे की कामाची पद्धत त्यांनी स्वभावाला धरून निवडली. ते भिडस्त होते आणि सभा गाजवणे हा त्यांचा पिंड नव्हता. तेव्हा वक्तृत्वाचे वर्ग शोधत बसण्यापेक्षा दारोदार जाऊन लहान लहान देणग्या जमवण्याचा आणि हिशेब चोख ठेवण्याचा मार्ग त्यांनी धरला.

ध्येय लिहिण्याच्या तंत्राविषयी बरेच संशोधन झाले आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक दशकांच्या अभ्यासातून दाखवले की ‘शक्य तितके चांगले काम करा’ अशा मोघम सूचनेपेक्षा नेमके आणि आव्हानात्मक ध्येय दिल्यास कामगिरी सुधारते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने मान्य वजनाच्या सुमारे साठ टक्केच भरले जात होते. ९४ टक्क्यांचे नेमके उद्दिष्ट दिल्यावर, कोणताही वाढीव मोबदला न देता, काही महिन्यांत ते सुमारे नव्वद टक्के भरले जाऊ लागले. मात्र ट्रक भरणे हे कामगारांना येत असलेले काम होते. जे काम अजून येतच नाही, उदाहरणार्थ नवी भाषा किंवा नवा व्यवसाय, तेथे सुरुवातीला फळाचा आकडा ठरवण्याऐवजी शिकण्याचे ध्येय ठेवणे हितावह असते, असेही याच संशोधकांनी नमूद केले आहे. पहिल्या वर्षी अमुक लाखांची विक्री, यापेक्षा पहिल्या वर्षी दहा गिऱ्हाइके परत का आली आणि दहा का आली नाहीत ते समजून घेणे, हे नव्या उद्योजकासाठी अधिक योग्य ध्येय आहे.

लेखी ध्येयाचा खरा लाभ त्याला वेळ आणि जागा जोडल्यावर होतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘अंमलबजावणीचा संकल्प’ अशी संज्ञा वापरली आहे. ‘अमुक वेळ आली किंवा अमुक प्रसंग घडला, की मी अमुक करीन’ असे त्याचे स्वरूप असते. नाताळच्या सुट्टीत एक लेखनकार्य पूर्ण करण्यास सांगितलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी ते कधी आणि कोठे बसून करणार हे आधी ठरवले होते, त्यांच्यातील दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी ते वेळेत केले, आणि ज्यांनी असे ठरवले नव्हते त्यांच्यातील सुमारे एक तृतीयांश जणांनी. ‘व्यायाम करीन’ हा संकल्प गुढीपाडव्याला होतो आणि आठवडाभरात विरतो. ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येईन’ हा टिकण्याची शक्यता अधिक. सवय एकवीस दिवसांत लागते हा समजही सोडून द्यावा. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात एखादी कृती आपोआप होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले आणि व्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून स्वतःला आळशी ठरवणाऱ्यांची संख्या लक्षात घेता ही माहिती अधिक लोकांपर्यंत पोहोचायला हवी.

वेळेचा अंदाज करताना आशावाद आड येतो. काहनेमन आणि अमोस त्वर्स्की यांनी याला ‘नियोजनाचा भ्रम’ म्हटले. कॅनडातील एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पूर्ण होण्यास सरासरी ३४ दिवस लागतील असे सांगितले होते आणि प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. उपाय एकच आहे: आपल्या योजनेचा तपशील न पाहता, अशाच कामाला स्वतःला आणि इतरांना पूर्वी किती वेळ लागला ते पाहणे. रोजमेळाची वही येथे पुन्हा उपयोगी पडते.

मानसिकतेविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण तिचे माहात्म्य गरजेपेक्षा जास्त वाढवले गेले आहे. कॅरोल ड्वेक यांच्या २००६च्या पुस्तकामुळे ‘वर्धिष्णू मानसिकता’, म्हणजे प्रयत्नाने क्षमता वाढतात ही धारणा, सर्वत्र परिचित झाली. अमेरिकेतील सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवरील २०१९च्या मोठ्या अभ्यासात या धारणेच्या छोट्या प्रशिक्षणाने अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणीत फक्त ०.१० गुणांकाची वाढ झाली. एवढ्या थोड्या खर्चात झालेला हा लाभ नाकारण्याजोगा नाही, पण चमत्कारही नाही. धारणेने दार उघडते. शिक्षक, सराव, पैसा आणि वेळ यांची जागा ती घेत नाही.

ध्येय सोडण्याचा विचार ध्येय ठरवतानाच करावा, कारण नंतर तो करणे फार अवघड जाते. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची तयारी करणाऱ्या उमेदवारांकडे पाहिले म्हणजे हे पटते. खुल्या प्रवर्गालाही सामान्यतः ३८ वर्षांपर्यंत संधी असल्याने बाहेरून कोणी थांबवत नाही, आणि ‘एवढी वर्षे घातली, आता कसे सोडायचे’ हा विचार आतून थांबू देत नाही. अशा वेळी पहिल्या प्रयत्नापूर्वीच कागदावर लिहावे की किती प्रयत्नांनंतर, कोणत्या टप्प्यापर्यंतची प्रगती झाली नसेल तर आणि कोणत्या तारखेला थांबायचे. तसेच पर्यायी मार्गाची पहिली पायरीही त्याच कागदावर असावी. कार्स्टन रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३च्या संशोधनानुसार अशक्य झालेले ध्येय सोडू शकणारी आणि त्याच्या जागी दुसरे अर्थपूर्ण ध्येय घेऊ शकणारी माणसे मानसिकदृष्ट्या अधिक सुस्थितीत असतात. पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास आणि वैराग्य यांना एकत्र ठेवले आहे. आपल्याकडील मार्गदर्शनात पहिल्याचे कौतुक फार आणि दुसऱ्याचे नाव क्वचितच निघते.

योजनेची फेरतपासणी दर तीन महिन्यांनी एकदा, ठरलेल्या दिवशी, वही समोर ठेवून करावी आणि तेव्हा एकच ध्येय वाढवण्याची किंवा वगळण्याची मुभा घ्यावी. मात्र वहीत सलग दोन आठवडे झोप उडाल्याच्या, कशातच रस न वाटण्याच्या किंवा जगणे नकोसे झाल्याच्या नोंदी दिसू लागल्या, तर तो नियोजनाचा विषय राहत नाही. अशा वेळी ध्येयांची यादी बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.